विषय : धन्यवाद देणेबाबत

गाडी जागेवर लागली की ड्रायव्हर उतरतो, चहा सांगतो, बिडी पेटवतो. आमचे काका यातलं काहीच करायचे नाहीत. इंजिन बंद करायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं सुरू व्हायचे.

"बापा, आज ब्रेक लागला, तुझे उपकार. नाल्याच्या वळणावर म्हैस बसून होती, ते वेळेवर उठली, तुझे उपकार. डावा इंडिकेटर बंद आहे, पण त्याचं काम पडलं नाही, तुझे उपकार. मागं बसलेल्या नव्या सिस्टरनं गाडी हळू चालवा म्हणून मले सात खेपा सांगितलं. तिचा जीव घाबरून राहिला होता, तरी पोरगी रडली नाही, तुझे उपकार."

मागे बसलेली नवी सिस्टर म्हणजे मी. नोकरीचा तिसरा दिवस होता, रुग्णाला गोंदियाला सोडून आम्ही परत आलो होतो, मला भूक लागली होती, आणि हा माणूस माझ्या भित्रेपणाची बातमी देवाला सगळ्या आवारात ऐकू जाईल अशा आवाजात देत होता. मी दार आपटून उतरले. मनात म्हटलं, कुठल्या येड्याच्या गाडीत येऊन पडले बाई मी!

ती गाडी म्हणजे सरकारी अँब्युलन्स. रुग्णालय गोंदिया जिल्ह्यातलंच, जंगलाच्या अंगाचं. गावाचं नाव सांगत नाही. तिथले अर्धे लोक अजून नोकरीत आहेत आणि मला त्यांच्याशी बोलायचं असतं. मी तिथे कंत्राटी नर्स होते. अकरा महिन्यांचा करार, साहेबांच्या मर्जीवर पुढचे अकरा. काका मात्र कायम नोकरीतले, निवृत्तीला टेकलेले. उंच, सडसडीत, खाकी शर्टाला कडक इस्त्री, कॉलरच्या आत घडी केलेला रुमाल. त्यांचे वडील छत्तीसगडच्या बाजूला एका मिशनच्या दवाखान्यात माळी होते. त्यामुळे काका प्रार्थना मराठीत करायचे, गाडीशी छत्तीसगढीत बोलायचे आणि रागवायचे हिंदीत.

ख्रिस्ती माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती असं नाही. नर्सिंगला माझ्यासोबत दोन मुली होत्या. पण आमच्या पोवारांच्या घरात देवाशी बोलायची पद्धत म्हणजे नवस. आधी मागायचं, मिळालं की फेडायचं. काकांचं मागणं मी कधी ऐकलंच नाही. एकदा न राहवून विचारलं, "काका, तुम्ही देवाला काहीच मागत नाही का?"

"मागतो ना. काऊन नाही मागणार? पण आधी मिळालेलं सांगून होत नाही, तं तुम्ही लोक चहाले आवाज देता."

या सांगण्याला त्यांच्यात उपकारस्तुती म्हणतात. हा शब्द मला काकांकडूनच कळला. आणि काकांच्या उपकारस्तुतीचा एक कडक नियम होता, मोघम चालायचं नाही. 'सगळ्याबद्दल धन्यवाद' हे वाक्य त्यांना शिवीसारखं लागायचं. आमचे डॉक्टरसाहेब एकदा बिचारे सहज म्हणून गेले, "थँक्यू काका, सगळ्याच गोष्टींसाठी."

काका जागच्या जागी थांबले. "सगळ्या म्हंजे कोणत्या, साहेब?"

"अं... म्हणजे... ते त्या दिवशी टायर."

"कोणता टायर?"

"मागचा."

"मागचे दोन आहेत."

साहेब घामाघूम. शेवटी मागचा डावा, मंगळवारचा, आठवडी बाजाराच्या गर्दीत पंक्चर झालेला, इथपर्यंत आल्यावर काकांनी त्यांना सोडलं. "आता पोहोचलं मले," म्हणाले आणि खुशाल गाडी पुसायला गेले. त्या दिवसापासून साहेब काकांचे आभार मानण्याआधी खिशातली डायरी बघायचे. खोटं नाही सांगत.

चहाचं तर विचारूच नका. आम्ही चौघं-पाचजण पेले हातात घेऊन बसायचो आणि काका टपरीवाल्यापासून सुरू करून दूध देणाऱ्या म्हशीपर्यंत, तिथून कधीही न पाहिलेल्या आसामातल्या पानं तोडणाऱ्या बायांपर्यंत जायचे. तोवर चहावर साय धरायची. आयाबाई, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या जुन्या मदतनीस, सरळ म्हणायच्या, "काका, तुमच्या देवाले थंडा चहा आवडते का जी?" काका हसायचे, पण एक नाव गाळायचे नाहीत.

त्यांच्या चर्चमध्ये मी एकदा गेले. गावात ख्रिस्ती घरं थोडी, चर्च म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली. धान निघाल्यावर ते लोक एका रविवारी सुगीची उपकारस्तुती करतात. ज्याच्या शेतात जे पिकलं ते पुढच्या टेबलावर आणून ठेवतात. धानाच्या पेंड्या, भोपळे, तुरीच्या शेंगा, एकीने तर पाय बांधलेली कोंबडी आणली होती आणि ती गाण्याच्या मध्येच ओरडत होती. काकांना शेत नाही. काका उठले, पिशवीतून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली आणि दोन भोपळ्यांच्या मध्ये नीट ठेवली. वर्षभर झिजून पातळ झालेलं ब्रेकचं लायनर!

पाळकसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, त्याच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"हे काय भाऊ?"

"माझं पीक," काका म्हणाले. "या सालभर यानं मले थांबवलं. एक माणूस नाही लागला गाडीले."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. पाळक हसले नाहीत. त्यांनी ते काळं लोखंड धानाच्या पेंडीला टेकवून उभं केलं आणि सगळ्यांसोबत त्याच्यावरही प्रार्थना केली. मी हिंदू घरची मुलगी, शेवटच्या बाकावर बसलेली, आणि मला उगाचच अभिमान वाटला की हा आमच्या रुग्णालयाचा माणूस आहे.

तुम्हाला वाटेल, असल्या माणसाला काय, त्याला सगळं गोडच दिसत असणार. तसं नव्हतं. एकदा एका गावाहून आणताना गाडीतच एक लहान मूल गेलं. आवारात पोचल्यावर काकांनी इंजिन बंद केलं, हात मांडीवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. तोंडातून एक शब्द नाही. बऱ्याच वेळानं उतरले तेव्हा मला म्हणाले, "आज माझ्यापाशी काही नाही, पोरी. देवाले तसंच सांगितलं. खोटं कायले बोलू?" दोन दिवस त्यांनी गाडीत प्रार्थना केली नाही. तिसऱ्या दिवशी केली, आणि त्यात एवढंच होतं की त्या मुलाच्या आईनं रडताना दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्यांचा खांदा धरला आणि तो तिला पुरला. त्या दिवसानंतर मी दार आपटणं सोडलं. गाडी लागली की मीही बसून राहायची, त्यांचं होईपर्यंत.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना अजूनही मला आधी राग येतो आणि मग ऊर भरून येतो, तेव्हा सांभाळून घ्या.

डिसेंबर महिना. माझा करार संपायला महिना उरला होता. दुपारची वेळ. डॉक्टरसाहेब मीटिंगला गोंदियाला, दुसरी सिस्टर रजेवर. वॉर्डात दोन रुग्ण, दोन्ही तापाचे, दोन्ही जेवून घोरत पडलेले. मी आणि आयाबाई. जंगलातल्या एका गावच्या आशाताईंचा फोन आला. एक बाई घरीच बाळंत झाली होती. बाळ चांगलं होतं, पण बाईचं रक्त थांबत नव्हतं.

नियम असा की लेखी आदेशाशिवाय नर्सनं वॉर्ड सोडायचा नाही. कंत्राटी नर्सनं तर नाहीच नाही. मी साहेबांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. काका दारात उभे होते.

"ठरव पोरी. तू आली तरी जातो, नाही आली तरी जातो. पण मले रक्त थांबवता येत नाही."

आयाबाईंनी माझ्या हातात इंजेक्शनची पेटी कोंबली. "जा वं तू! या दोघाईले का झालं? घोरून तं राहिले. मी आहे ना इथं."

गेले. त्या घरात बाई पांढरीफटक पडलेली, खाली गोधडी चिंब. सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, तरी रक्त येतच होतं. आमच्याकडे नेऊन उपयोग नव्हता, रक्त मिळणार गोंदियालाच. आशाताई बाळाला घेऊन पुढे काकांच्या शेजारी बसल्या. मी मागे एक मूठ आतून आणि एक हात पोटावरून लावून तिचं गर्भाशय दाबून धरलं. शिकताना हे एकदा पुतळ्यावर केलं होतं. सैल सोडलं की रक्त सुरू, दाबलं की बंद. सोडायचं नाही एवढंच मला कळत होतं.

सुगीचे दिवस, अर्ध्या रस्त्यावर लोकांनी धान वाळत घातलेलं. काका सायरनसोबत हॉर्न वाजवत होते आणि लोक पळत येऊन दोन्ही हातांनी धान ओढून घेत होते. दीड तासाचा रस्ता. माझा उजवा हात मेला, मग डावा मेला. मी काकांना ओरडून सांगत होते, "काका, जोरात! अजून जोरात!" आणि ते ओरडत होते, "पकडून ठेव, पोरी! पकडून ठेव!" गोंदियात रेल्वेचं फाटक नेमकं उघडं मिळालं.

मोठ्या दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. काकांनी इंजिन बंद केलं आणि हात मांडीकडे जाऊ लागले.

"काका, आज नको! स्ट्रेचर!"

त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. उडी मारून धावले.

बाई वाचली. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं, आता धोका नाही. तेव्हा काका गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी जी उपकारस्तुती सुरू केली ती मी शेवटपर्यंत ऐकली नाही. धान ओढणाऱ्या एकेका गावाचं नाव घेत होते, मला मागच्या सीटवर झोप लागली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर काका ओसरीत बसून कागदावर काही लिहीत होते.

"का लिहून राहिले काका?"

"देवाले सांगून झालं. आता वरच्या साहेबाले सांगतो. ज्याच्या हातानं उपकार झाले त्याचं नाव पोटात ठेवलं तं ते चोरी होते. आमच्यात तसंच आहे."

मला केवढा आनंद झाला! मी आईला फोन करून सांगितलं, बघ, माझ्यासाठी वर पत्र चाललंय, एखादं प्रशस्तिपत्र येईल. घरात युनिफॉर्म घालणारी मी पहिली मुलगी. बाबांना तो युनिफॉर्म फारसा रुचलेला नव्हता. करार संपेपर्यंत कर काय करायचं ते, मग बालाघाटचं स्थळ आहे, राइस मिलवाले लोक आहेत, सून घरात राहील असं त्यांना वाटतं, हे मला सांगून झालं होतं. म्हटलं, या पत्रानं तरी बाबा वितळतील.

तीन आठवड्यांनी आलं ते प्रशस्तिपत्र नव्हतं, नोटीस होती. 'आपणाविरुद्ध प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.' सोबत तक्रारीची प्रत. तक्रारदार, आमचे काका!

मी प्रत वाचायला घेतली. पत्राचा विषय काकांनी नीट लिहिला होता, 'धन्यवाद देणेबाबत'. पण खाली? खाली काकांचा नियम. मोघम चालायचं नाही!

'सदर सिस्टर यांनी, एक, वॉर्डात दोन रोगी असताना ड्यूटी सोडली. दोन, वरिष्ठांचा लेखी आदेश नसताना सोडली. तीन, वॉर्ड आयाबाईच्या हवाली केला. चार, करार संपायला एक महिना आहे हे माहीत असून सर्व केले. पाच, जवळचे रुग्णालय सोडून परस्पर गोंदियाला गाडी नेण्यास सांगितले.' अशी नऊ कलमं. नववं कलम होतं, 'त्यामुळे बाई जिवंत आहे. तरी सिस्टर यांना धन्यवाद देण्यात यावे, ही विनंती.'

वरच्या कार्यालयातल्या आवक टेबलच्या बाबूंनी मला फोनवर समजावलं. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, कंप्यूटरमें तीनच खाने आहेत. तक्रार, मागणी, माहिती अधिकार. धन्यवादाचा खानाच नाही. इतनी सर्विसमें असं पत्र मी पहिल्यांदा पाहिलं. पाच कलमं वाचली, म्हटलं ही तक्रारच. आता नंबर पडला." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "सोपं आहे. त्या काकांना म्हणा, 'तक्रार मागे घेतो' अशी एक ओळ लिहून द्या. फाइल बंद. नाहीतर तुमचा करार काही वाढत नाही."

एक ओळ! मी धावतच काकांकडे गेले. ते गाडीच्या काचा पुसत होते. नोटीस त्यांनी दोनदा वाचली. चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता लगेच पेन मागतील.

"मी तक्रार केलीच नाही, तं मागं का घेऊ?"

"काका, नुसती लिहायची आहे हो एक ओळ! तुम्हाला नि मला माहीत आहे ना खरं काय ते?"

"देवासमोर तुझं नाव घेऊन उपकार मानले मी. आता कागदावर लिहू का मागं घेतो म्हणून? मंग ते प्रार्थना खोटी होते माझी."

"तुमच्या प्रार्थनेपायी माझी नोकरी चालली! तुमच्या देवाला काय फरक पडतो एका ओळीनं?"

"त्याले नाही पडत. मले पडते," काका म्हणाले. "आणि तुले पण पडन, पोरी. तू काही चूक केली नाही. मागं घेतलं तं चूक केली असं होईन."

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. माझ्या आईनं ऐकलं असतं तर कान धरला असता. एवढंच सांगते की शेवटी मी म्हणाले, माझं नाव पुन्हा तुमच्या तोंडात आलं तर याद राखा. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. बाबांचा फोन आला, "संपू दे ना करार, बेटा. झाली हौस." मी फोन ठेवून स्टोअररूममध्ये जाऊन रडले. मला ती नोकरी हवी होती. त्या गाडीत माझ्या मुठीवर एक बाई दीड तास जगली होती, आणि आता मला कुणाच्या घरात जाऊन पाहुण्यांसमोर पोहे धरायचे नव्हते.

चौकशीला गोंदियात बोलावलं. टेबलामागे तीन साहेब, कोपऱ्यात तेच बाबू. काका कडक इस्त्रीच्या शर्टात माझ्या शेजारी उभे. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

मोठ्या साहेबांनी मला विचारलं, ड्यूटी सोडली का? सोडली. लेखी आदेश होता का? नव्हता. मग ते काकांकडे वळले. माणूस समजूतदार वाटला. "हे बघा, तुमचा हेतू चांगला होता हे आम्हाला कळतं. मागे घेतो म्हणून लिहा. हिची नोकरी राहते, आम्हीही जेवायला मोकळे. देवाचे आभार मानले ना तुम्ही? मग कागदाचं काय एवढं?"

"देवाचे मानले, साहेब," काका म्हणाले. "पण देवानं त्या दिवशी हात वापरले ते या पोरीचे. ते नाव मले खोडता येत नाही."

मी मनात म्हटलं, संपलं. बालाघाट.

काकांनी मग खिशातून घडी केलेला कागद काढला. "माझ्या पत्रात एक कलम राहून गेलं, ते आणलं आहे. गाडी पण लेखी आदेशाशिवाय निघाली होती. ते मी काढली. ते लिहायचं राहिलं, कारण स्वतःचे आभार मानत नसतात आमच्यात. हे दहावं कलम जोडून घ्या. तक्रारच म्हणायची असन तं दोघावर म्हणा."

मी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. निवृत्तीला आठ महिने होते त्यांच्या. चौकशी लागली तर पेन्शन अडकते, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. चार दिवस मी ज्या माणसाशी बोलत नव्हते, तो चार दिवस हा कागद खिशात घेऊन फिरत होता.

मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद पुढे ओढले आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. मला वाटतं, नवव्या कलमापर्यंत त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी पोचलं. वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "किती वेळ धरून होतात?"

"माहीत नाही, सर. फाटक आलं तेव्हा दोन्ही हात कळत नव्हते."

"आणि सोडलं नाहीत?"

"नाही, सर."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग बाबूंना म्हणाले, घ्या लिहून. 'तक्रारीत नमूद सर्व बाबी चौकशीअंती खऱ्या आढळल्या. सदर कृतीमुळे एका महिलेचा जीव वाचला असल्याने कोणावरही कारवाईची आवश्यकता नाही. कराराचे नूतनीकरण करावे.'

बाहेर आलो. पानठेल्यापाशी काका थांबले. मी म्हणाले, "काका, माझं चुकलं. तुमचे खूप खूप आभार."

"खूप म्हंजे कायचे?"

आणि मी, भर रस्त्यात, पानठेल्यावरची सगळी माणसं बघत असताना, नाक पुसत पुसत बोटांवर सांगायला लागले. तुम्ही खोटी ओळ लिहिली नाही म्हणून. दहावं कलम लिहिलंत म्हणून. मी तोंडाला येईल ते बोलले, तुम्ही एकदाही उलटून बोलला नाहीत म्हणून. ठरव म्हणालात, चल म्हणाला नाहीत म्हणून. काका मान हलवत शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदाच म्हणाले, "हळू सांग, घाई नाही."

पुढचे आठ महिने आमच्या रुग्णालयात मजा होती. काका कोणाकडे प्रेमानं बघायला लागले की तो माणूस घाबरायचा. लॅबवाला हात जोडून म्हणायचा, "काका, देवाले काय सांगायचं ते सांगा, साहेबाले पत्र नका लिहू हो!" काकांनी त्या मोठ्या साहेबांनाही धन्यवादाचं पत्र लिहायला घेतलं होतं. 'आपण नियमाबाहेर जाऊन...' अशी सुरुवात वाचली आणि मी तो कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. म्हटलं, खबरदार! बिचाऱ्याच्या मागे चौकशी लागेल.

काका निवृत्त होऊन राजनांदगावकडे मुलीजवळ राहायला गेले. मी नोकरीत राहिले. बालाघाटच्या लोकांना दुसरी सून मिळाली, ती सुखात आहे असं ऐकते. बाबांनी एकदा वॉर्डात येऊन मला कामात बघितलं, कोपऱ्यात स्टुलावर तासभर बसले आणि जाताना सगळ्यांना सांगून गेले की ही माझी पोरगी. मागच्या वर्षी मी कायम झाले.

कायम करण्याआधी कार्यालयात फाइल तपासतात. तिथल्या मोठ्या बाबूंनी मला बोलावून घेतलं. तेव्हाचे नाहीत, हे नवे. त्यांनी एक पान काढून माझ्यासमोर ठेवलं. "मॅडम, बाकी सगळं उत्तम आहे. फक्त ही एक तक्रार. सर्व बाबी खऱ्या आढळल्या, असा शेरा आहे. कारवाई नाही म्हणा, पण दिसायला बरं दिसत नाही. एक साधा अर्ज द्या, मी नोंद काढून टाकतो. फाइल स्वच्छ होईल."

त्यांनी कोरा कागद आणि पेनही पुढे केलं.

"नको," मी म्हणाले.

"अहो, पुढे कोणी साहेब वाचेल. काय वाटेल त्याला?"

"वाचू द्या ना. सांगा त्यांना, तक्रार खरी आहे. मी गेले होते ड्यूटी सोडून."